कंत्राटदार काम अर्धवट टाकून गेला, आता कारवाई कुणावर आणि कशी?

जुळे सोलापूर, विजापूर रोड, होटगी रोड, अक्कलकोट रोड, या सगळ्या भागांत स्वतःच्या प्लॉटवर घर बांधणाऱ्यांची संख्या मोठी आहे. बहुतेकांचा करार स्क्वेअर फुटाच्या दरावर, अर्धा तोंडी आणि अर्धा वहीत असतो. प्लिंथपर्यंत काम झपाट्यानं चालतं, स्लॅबला जोर लागतो आणि स्लॅबचा हप्ता हातात पडला की माणसं कमी व्हायला लागतात. "मालक, उद्या शंभर टक्के गवंडी लावतो" हे ऐकत दोन महिने जातात. मग मालक चिडून म्हणतो, "महापालिकेत तक्रार करतो आणि याचं लायसनच रद्द करून टाकतो."

इथेच पहिली गफलत होते. खासगी घर बांधून देणाऱ्या कंत्राटदाराला आपल्या राज्यात त्या कामाचा वेगळा परवाना लागत नाही. सार्वजनिक बांधकाम विभागाकडे किंवा महापालिकेकडे जी कंत्राटदार नोंदणी असते ती सरकारी कामांच्या निविदांसाठी, आणि 'काळी यादी'सुद्धा त्याच कामांची. तुमच्या घराच्या कंत्राटदाराकडे रद्द करण्यासारखं काही नसतं, म्हणून महापालिकेत गेलात की "हा खासगी वाद आहे" असं सांगून परत पाठवतात. त्यांचंही चूक नाही. कंत्राटदाराला झोंबेल अशी जागा एकच, ती म्हणजे पैसा. तो वसूल करायचा तर काय अपुरं, काय निकृष्ट आणि त्याची किंमत किती, हे कागदावर सिद्ध करावं लागतं. या लेखातला मोठा भाग त्यासाठीच आहे.

परवाना असतो तो आजूबाजूच्यांचा

कंत्राटदाराला परवाना नसला तरी त्याच घराच्या कागदांवर सह्या करणाऱ्या चार-पाच जणांना तो असतो. शिस्तभंगाची कारवाई होऊ शकते ती यांच्यावर.

आर्किटेक्टची नोंदणी १९७२ च्या वास्तुविशारद कायद्याखाली दिल्लीच्या कौन्सिल ऑफ आर्किटेक्चरकडे असते. व्यावसायिक गैरवर्तनाची तक्रार तिथे लेखी करता येते. चौकशीअंती समज देणं, काही काळ व्यवसाय करण्यास मनाई करणं किंवा नोंदवहीतून नाव काढून टाकणं, एवढे अधिकार कौन्सिलला आहेत. नोंदणी नसताना पाटीवर 'आर्किटेक्ट' लिहिणं हाच या कायद्यानं गुन्हा आहे, तेव्हा नोंदणी क्रमांक मागून घ्या.

नकाशा मंजुरीच्या अर्जावर सही करणारा परवानाधारक अभियंता, स्ट्रक्चरल इंजिनिअर आणि देखरेख करणारा सुपरवायझर हे महापालिकेच्या कक्षेत येतात. २०२० च्या एकत्रिकृत विकास नियंत्रण व प्रोत्साहन नियमावलीत त्यांची पात्रता आणि कर्तव्यं लिहिलेली आहेत. देखरेखीची हमी देऊन साइटवर कधी फिरकलाच नाही असा माणूस असेल, तर नगररचना किंवा बांधकाम परवानगी विभागाकडे त्याच्या हमीपत्राची प्रत जोडून तक्रार द्या.

विजेचं काम परवानाधारक विद्युत कंत्राटदारानंच करायचं असतं आणि महावितरणचं कनेक्शन घेताना त्याचा टेस्ट रिपोर्ट लागतो. व्यवहारात सही एकाची आणि वायरिंग दुसऱ्याच्या पोऱ्याचं, असा प्रकार सर्रास चालतो. अर्थिंग नाही, पॉवर पॉइंटला पातळ वायर, एमसीबीचा मेळ नाही, असं असेल तर टेस्ट रिपोर्टवर ज्याचं नाव आहे त्याच्याविरुद्ध विद्युत निरीक्षकांकडे जाता येतं. नळजोडणीच्या परवानाधारक प्लंबरची तक्रार महापालिकेच्या पाणीपुरवठा विभागाकडे.

एक लक्षात ठेवा. या कुठल्याही तक्रारीतून तुमच्या खिशात रुपया परत येत नाही. तिचा उपयोग दबावासाठी आणि पुढच्या पुराव्यासाठी. शिवाय महापालिकेची पायरी चढण्यापूर्वी स्वतःचा मंजूर नकाशा एकदा उघडून पाहा. सामासिक अंतरात (हद्दीपासून मोकळी सोडायच्या जागेत) जिना काढला असेल, गॅलरी वाढवली असेल, तर नोटीस जागेच्या मालकाच्या नावानं निघते आणि 'कंत्राटदारानं केलं' हा बचाव चालत नाही.

काम वाईट आहे म्हणजे नेमकं काय?

"काम एकदम फालतू केलंय" या वाक्याला ग्राहक आयोगासमोर काही किंमत नाही. दोष कुठला, कुठे, किती आणि कशामुळे, हे सांगता आलं पाहिजे.

सोलापूरच्या मातीपासून सुरुवात करू. बऱ्याच प्लॉटमध्ये वर काळी माती आणि खाली मुरूम आहे. काळी माती पावसाळ्यात फुगते, उन्हाळ्यात आकसते. फुटिंग, म्हणजे कॉलमखालचा पाया, काळ्या मातीतून पार जाऊन घट्ट मुरुमावर बसलं पाहिजे. खोदाईचे पैसे वाचवायला ते वरच अडकवलं, की पहिल्या-दुसऱ्या वर्षात खिडकीच्या कोपऱ्यातून तिरकी भेग निघते. एका टोकाला रुंद, दुसऱ्या टोकाला निमुळती. मे महिन्यात उघडते, ऑगस्टमध्ये जवळपास मिटते. अशी भेग दिसली तर तिच्या दोन्ही टोकांना पेन्सिलनं आडवी रेघ मारा, शेजारी तारीख लिहा आणि रुंदी मोजताना स्टीलची पट्टी भेगेला लावून फोटो काढा. महिन्यानं टोक रेघेच्या पुढे गेलं असेल तर भेग चालू आहे. नंतर अहवाल देणाऱ्या इंजिनिअरला या रेघा फार उपयोगी पडतात.

सगळ्याच भेगा घाबरण्यासारख्या नसतात. गिलाव्यावर जाळ्यासारख्या बारीक रेषा म्हणजे मसाल्यात सिमेंट किंवा पाणी जास्त, नाहीतर गिलाव्याला पाणी मारलं नाही. कॉलम आणि विटांच्या भिंतीच्या सांध्यावर सरळ उभी रेघ म्हणजे सांध्यावर चिकन मेश (बारीक तारेची जाळी) लावली नाही. हे निकृष्ट काम आहेच, पण दुरुस्ती हजारांत होते. उलट बीमच्या किंवा स्लॅबच्या बुडाला सळईच्या रेषेत भेग आणि तांबूस डाग दिसले तर कव्हर कमी पडून सळई गंजायला लागली आहे, आणि तो खर्च लाखांत जातो. सळईबाहेर काँक्रीटचं कव्हर साधारण स्लॅबला २० मिमी, कॉलमला ४० मिमी, फुटिंगला ५० मिमी हवं. कव्हर ब्लॉकऐवजी खडीचे तुकडे ठेवून काम उरकलं की सेंट्रिंग उघडल्यावर स्लॅबच्या खाली सळयांची नक्षी दिसते. फोटो त्याच दिवशी काढायचा, कारण दुसऱ्या दिवशी त्यावर सिमेंटचा हात फिरलेला असतो.

सिमेंट खाल्लं का, याचा अंदाज गोण्यांवरून काढता येतो. एम-२० दर्जाचं काँक्रीट १:१.५:३ (सिमेंट, वाळू, खडी) या प्रमाणात केलं तर एका घनमीटरला साधारण ८ गोण्या लागतात. १,००० चौरस फुटांचा ५ इंची स्लॅब म्हणजे ४१७ घनफूट, म्हणजेच ११.८ घनमीटर. नुसत्या स्लॅबला सुमारे ९५ गोण्या, बीम वेगळे. स्लॅबच्या दिवशी ७० गोण्या उतरल्याचं चलन तुमच्याकडे असेल तर तो मोठा पुरावा आहे. रिकाम्या गोण्या मोजून त्यांचा फोटो काढणं हा साधा उपाय, पण संध्याकाळच्या आत करा, कारण त्या गोण्या विकल्या जातात.

पाणी हा दुसरा घोळ. एम-२० ला एका गोणीमागे ३० लिटरच्या वर पाणी जाता कामा नये, आणि त्यात वाळूतला ओलावाही धरायचा. मिक्सरवाल्याला माल सुटसुटीत वाहायला हवा असतो म्हणून तो पाइप सोडून देतो. आज ओतायला सोपं जातं, ताकद मात्र कायमची कमी होते.

मग क्युरिंग, म्हणजे काँक्रीटला पाणी मारून ओलं ठेवणं. नुसतं ओपीसी (साधं, राख न मिसळलेलं) सिमेंट असेल तर भारतीय मानकानुसार किमान ७ दिवस, पण उष्ण आणि कोरड्या हवेत किमान १० दिवस. पीपीसी म्हणजे राखमिश्रित सिमेंट असेल, आणि बहुतेक घरांत तेच असतं, तर १४ दिवसांपर्यंत ओलावा ठेवण्याची शिफारस आहे. सोलापूरचा उन्हाळा चाळीस अंशांच्या वर जातो. नळाला रोज पाणी येत नाही अशा भागात 'टँकरचे पैसे कोण देणार' यावर मालक आणि कंत्राटदार भांडत बसतात आणि स्लॅब तडकतो. करारात पाण्याची जबाबदारी कुणाची हे लिहिलं नसेल तर कंत्राटदार हमखास म्हणणार, "पाणी मालकानं दिलं नाही." म्हणून टँकरच्या पावत्या जपून ठेवा आणि स्लॅबवर वाफे करून पाणी तुंबवलं असेल तर त्याचेही तारखेसह फोटो ठेवा.

स्टीलचा हिशेब सर्वांत सोपा. सळईच्या व्यासाचा (मिमीमध्ये) वर्ग करून १६२ नं भागा. एका मीटरचं वजन किलोत मिळतं. १२ मीटरची ८ मिमी सळई ४.७ किलो, १० मिमीची ७.४ किलो, १२ मिमीची १०.७ किलो. थोडा फरक चालतो, पण १२ मिमीची सळई ९ किलो भरली तर ती १२ ची नाही. डिझाइनमधल्या बार बेंडिंग शेड्यूलमध्ये (सळयांच्या तक्त्यात) एकूण किती किलो धरलंय आणि वजनकाट्याची पावती किती किलोची, हे शेजारी शेजारी ठेवा.

स्लॅब घालताना क्यूब (ताकद तपासायचे काँक्रीटचे ठोकळे) भरले असतील तर उत्तमच. १२ घनमीटरच्या कामाला दोन नमुने, म्हणजे सहा क्यूब. भरलेच नसतील तर उभ्या बांधकामाची चाचणी करावी लागते. रिबाउंड हॅमर (काँक्रीटवर आपटून ताकदीचा अंदाज देणारं यंत्र) स्वस्त आहे, पण तो पृष्ठभागच सांगतो. एकट्या हॅमरच्या आकड्यावर अडून बसलात तर समोरचा वकील तो खोडून काढतो. जोडीला अल्ट्रासोनिक चाचणी घ्या आणि शंका दाट असेल तर कोअर (काँक्रीट कापून काढलेला गोल नमुना) काढा. तीन कोअरची सरासरी ठरलेल्या ताकदीच्या ८५ टक्के आणि एकही कोअर ७५ टक्क्यांच्या खाली नाही, असा निकष आहे. एम-२० साठी म्हणजे सरासरी १७ आणि किमान १५ न्यूटन प्रति चौरस मिमी. कोअर कुठून काढायचा हे स्ट्रक्चरल इंजिनिअरनं ठरवायचं. कटरवाल्याला परस्पर कॉलमला भोक पाडायला सांगू नका.

फरशी नाण्यानं ठोकून पाहा, पोकळ आवाज येणाऱ्या फरशीवर खडूनं फुली मारा आणि फुल्या मोजा. बाथरूममध्ये आणि गच्चीवर २४ तास पाणी तुंबवून खालून ओल येते का बघा.

दुसरा गवंडी लावण्याआधी

सगळ्यात महागात पडणारी घाई म्हणजे कंत्राटदार गेल्याच्या पुढच्या आठवड्यात दुसरा माणूस लावून काम सुरू करणं. पहिल्याचं काम कुठे संपलं आणि दुसऱ्याचं कुठून सुरू झालं, हे नंतर ब्रह्मदेवालाही सांगता येत नाही. आधी मोजमाप, मग दुरुस्ती. एखादा भाग पडण्याच्या बेतात असेल तर टेकू लगेच लावा, पण त्याआधी फोटो.

मोजमापासाठी या कामाशी संबंध नसलेला सिव्हिल इंजिनिअर किंवा नोंदणीकृत मूल्यांकनकार घ्या. कंत्राटदाराला सात दिवस आधी लेखी कळवा: अमुक तारखेला, अमुक वाजता साइटवर संयुक्त मोजणी आहे, हजर राहा. आला तर त्याची सही घ्या. नाही आला तर शेजारचे दोन पंच बोलावून त्यांच्या सह्या घ्या. अहवालात काँक्रीट घनमीटरमध्ये, वीटकाम, गिलावा आणि फरशी चौरस फुटात, स्टील किलोत, असा प्रत्येक बाबीचा तक्ता हवा: करारात किती, झालं किती, झालेल्यापैकी सदोष किती, दुरुस्तीचा दर काय. शेवटी इंजिनिअरचा नोंदणी क्रमांक, तारीख आणि शिक्का. त्याला पुढे प्रतिज्ञापत्र द्यावं लागेल हे आधीच सांगून ठेवा. प्रतिज्ञापत्राशिवायचा अहवाल अर्ध्यावरच लुळा पडतो.

करार लेखी नाही म्हणून हातपाय गाळायचं कारण नाही. तोंडी करारही करारच असतो, फक्त तो सिद्ध करावा लागतो. बँकेचं स्टेटमेंट, वहीतल्या सह्या, व्हॉट्सॲपवरचं दरपत्रक, "अण्णा, ५० मिळाले" एवढा तीन शब्दांचा मेसेजसुद्धा कामाचा. रोख दिलेल्या रकमेची पावती नसेल तर आता तरी हिशेबाचा मेसेज पाठवा, "आजपर्यंत एकूण इतके दिले, बरोबर ना?" आणि उत्तर जपून ठेवा. चॅट न्यायालयात दाखवायचं तर भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ प्रमाणे प्रमाणपत्र जोडावं लागतं, म्हणून तो मोबाईल विकू नका, फॉरमॅट करू नका.

साइटवर त्याच्या सेंट्रिंग प्लेटा, बल्ल्या, मिक्सर पडलेला असतो. "पैसे दे, मग माल ने" म्हणून गेटला कुलूप लावण्याचा मोह होतो आणि मग उलट तोच पोलिसांत जातो. सामानाची यादी करा, फोटो काढा आणि नोटिशीतच लिहा की अमुक तारखेपर्यंत पोच देऊन माल घेऊन जावा. सिमेंट आणि हार्डवेअरच्या दुकानदारांनाही एक पत्र द्या, की या साइटच्या नावावर यापुढे उधारी देऊ नये. नाहीतर कंत्राटदाराची उधारी मागायला माणसं तुमच्या दारात येतात.

मागणीचा आकडा

"मी १६ लाख दिले, १६ लाख परत द्या" अशी मागणी करणाऱ्यांची तक्रार कमकुवत होते, कारण उभं राहिलेलं काम तुमच्याच ताब्यात आहे. हिशेब असा करायचा.

समजा १,२०० चौरस फूट, १,९०० रुपये दर, एकूण करार २२ लाख ८० हजार. दिले १६ लाख. म्हणजे काम पूर्ण झालं असतं तर अजून ६ लाख ८० हजार द्यायचेच होते. आता उरलेलं काम दुसऱ्याकडून करायला १० लाख ५० हजार आणि सदोष काम दुरुस्त करायला १ लाख ४० हजार, मिळून ११ लाख ९० हजार लागतात. त्यातून ६ लाख ८० हजार वजा केले की खरं नुकसान ५ लाख १० हजार. मुदत संपल्यानंतर भाड्याच्या घरात काढलेले सात महिने, दरमहा ९ हजारांनी ६३ हजार. एकूण ५ लाख ७३ हजार. त्यावर व्याज, मनस्ताप आणि खर्च वेगळे मागा.

करार कायद्याच्या कलम ७३ नुसार नुकसान कमी राहावं म्हणून वाजवी प्रयत्न तुम्हीही करायला हवेत. दोन वर्षं हातावर हात ठेवून बसलात आणि दर वाढले, तर त्या वाढीचा सगळा भार त्याच्यावर टाकता येत नाही. दुरुस्तीसाठी किमान दोन दरपत्रकं घ्या. आणि ठरल्यापेक्षा भारी फरशी, महाग नळ यांचा खर्च त्याच्या माथी मारायला जाऊ नका. एवढ्या एका गोष्टीनं बाकीच्या आकड्यांवरचाही विश्वास उडतो.

३० दिवसांची नोटीस

वकिलाकडून पाठवलेली बरी, पण स्वतः लिहिली तरी चालते. १ ऑक्टोबर २०१८ पासून विशिष्ट अनुतोष कायद्याचं कलम २० बदललं आहे. करार मोडणाऱ्याला किमान ३० दिवसांची लेखी नोटीस दिली आणि तरी त्यानं काम केलं नाही, तर तेच काम दुसऱ्याकडून करून घेऊन खर्च त्याच्याकडून वसूल करता येतो. नोटीस न देता काम करून घेतलं तर या कलमाखाली तो खर्च मागता येत नाही. घर बांधणाऱ्याच्या इतक्या कामाचं हे कलम, पण माहीत असलेले लोक कमीच.

नोटिशीचा गाभा चार-पाच ओळींचा: "आपण दि. … च्या करारानुसार घेतलेलं काम दि. … पासून बंद आहे. सोबतच्या अहवालानुसार अपूर्ण व सदोष कामांची यादी जोडली आहे. ही नोटीस मिळाल्यापासून ३० दिवसांत काम सुरू करून पूर्ण करावं. न केल्यास ते अन्य व्यक्तीकडून करून घेऊन संपूर्ण खर्च व नुकसानभरपाई आपल्याकडून वसूल केली जाईल." पोच मिळेल अशा पद्धतीनं पोस्टानं पाठवा आणि तीच व्हॉट्सॲपवर टाका. शिवीगाळ, धमकी नको. फेसबुकवर फोटोसह 'चोर कंत्राटदार' लिहिणं तर अजिबात नको. अब्रुनुकसानीचा दावा लावून घेण्याचा तो सोपा मार्ग आहे.

ग्राहक आयोग

ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ मध्ये 'सेवा' या व्याख्येत घरबांधणीचा स्पष्ट उल्लेख आहे. तुम्ही राहता किंवा नोकरी करता त्या जिल्ह्यात तक्रार करता येते, म्हणून कंत्राटदार कलबुर्गीचा किंवा लातूरचा असला तरी सोलापूरच्या जिल्हा आयोगात जाता येतं. दिलेला मोबदला ५० लाखांपर्यंत असेल तर जिल्हा आयोग. शुल्कही मोबदल्यावर ठरतं: ५ लाखांपर्यंत काही नाही, १० लाखांपर्यंत २०० रुपये, २० लाखांपर्यंत ४००, ५० लाखांपर्यंत १,०००. वरच्या उदाहरणात १६ लाख दिलेले आहेत, म्हणजे ४०० रुपये. वकील सक्तीचा नाही, तक्रार ऑनलाइनही दाखल होते. आधी १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर नोंद करून पाहायला हरकत नाही, पण एकट्या कंत्राटदाराच्या बाबतीत तिचा फार उपयोग होईल अशी आशा धरू नका.

मुदत दोन वर्षांची, वादाचं कारण घडल्यापासून. तो "करतो, करतो" म्हणत राहिला म्हणून किंवा तुम्ही पत्रं लिहीत राहिलात म्हणून मुदत आपोआप वाढत नाही. यातच पुष्कळ चांगली प्रकरणं मरतात.

आयोगाची नोटीस मिळाल्यावर कंत्राटदाराला ३० दिवसांत, फार तर आणखी १५ दिवसांत, लेखी म्हणणं द्यावं लागतं. त्यापुढे एकही दिवस वाढवून मिळत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठानं २०२० मध्ये स्पष्ट केलं आहे. करारात लवादाचं कलम असलं तरी आयोगाची वाट बंद होत नाही.

दोन अडथळे आधीच ओळखा. रोजंदारीवर गवंडी लावून, माल स्वतः आणून, स्वतःच्या हुकमावर काम करून घेतलं असेल तर तो वैयक्तिक सेवेचा करार ठरू शकतो आणि तो कायद्यातल्या 'सेवे'त बसत नाही. स्क्वेअर फुटावर दिलेलं लेबर कॉन्ट्रॅक्ट मात्र बसतं, फक्त त्यात मालाच्या दर्जाचा दोष त्याच्यावर ढकलता येणार नाही, कारागिरीचाच. दुसरं, भाड्यानं देण्यासाठी गाळ्यांची ओळ बांधत असाल तर 'व्यापारी हेतू'चा आक्षेप येणारच.

बाकीचे दरवाजे

पोलीस: फसवणुकीच्या गुन्ह्यासाठी (भारतीय न्याय संहिता, कलम ३१८) पैसे घेतानाच फसवण्याचा इरादा होता हे दिसलं पाहिजे. काम अर्धवट राहिलं एवढ्यानं गुन्हा होत नाही. खोटी बिलं, खोटा पत्ता, एकाच महिन्यात पाच जणांकडून ॲडव्हान्स घेऊन कुठेच कुदळ मारली नाही, असं असेल तर जरूर जा.

दिवाणी दावा: मुदत तीन वर्षं, कोर्ट फी मागणीच्या रकमेवर. न्यायालय कमिशनर नेमून जागेची पाहणी करवू शकतं. खर्च झेपत नसेल तर जिल्हा न्यायालयातल्या विधी सेवा प्राधिकरणाकडे विचारा. महिलांना उत्पन्नाची अट नाही.

महारेरा (बिल्डरांच्या प्रकल्पांवर नियंत्रण ठेवणारं राज्याचं प्राधिकरण): प्लॉट तुमचा आणि माणूस कंत्राटदार असेल तर लागू नाही. बिल्डरकडून फ्लॅट किंवा रो-हाऊस घेतलं असेल आणि प्रकल्प ५०० चौरस मीटरपेक्षा मोठ्या जागेवर आणि ८ पेक्षा जास्त सदनिकांचा असेल तर लागू. ताबा मिळाल्यापासून ५ वर्षांत बांधकामाचा किंवा दर्जाचा दोष दिसला तर तो बिल्डरनं ३० दिवसांत विनाखर्च दुरुस्त करायचा असतो.

निकाल लागला, पैसे कुठे आहेत?

तक्रार लिहिताना नाव चुकलं तर वसुलीच्या वेळी घोडं पेंड खातं. 'अमुक कन्स्ट्रक्शन' एवढंच लिहू नका; एकट्याची फर्म असेल तर त्या माणसाचं पूर्ण नाव आणि पुढे 'प्रोप्रायटर, अमुक कन्स्ट्रक्शन', भागीदारी असेल तर सगळे भागीदार. बिलावर जीएसटी क्रमांक असेल तर जीएसटीच्या संकेतस्थळावर तो टाकला की मालकाचं कायदेशीर नाव आणि व्यवसायाचा पत्ता फुकट मिळतो. पैसे ज्या खात्यात पाठवले तो खातेक्रमांक, त्याच्या नावावरची गाडी, मिक्सर, प्लॉट, याची टिपणं आत्ताच करून ठेवा.

जिल्हा आयोगाविरुद्ध अपील ४५ दिवसांत, आणि त्यासाठी कंत्राटदाराला आदेशातली निम्मी रक्कम आधी भरावी लागते. अपील केलं नाही आणि पैसेही दिले नाहीत तर दोन अर्ज करता येतात. ग्राहक संरक्षण कायद्याच्या कलम ७१ खाली दिवाणी हुकुमनाम्यासारखी जप्ती-वसुली, आणि कलम ७२ खाली शिक्षा: एक महिना ते तीन वर्षं कैद, किंवा २५ हजार ते एक लाख दंड, किंवा दोन्ही.

कलम ७२ चं वॉरंट निघालं की दोन वर्षं फोन न उचलणारा माणूस मध्यस्थ घेऊन दारात येतो. तडजोड करायला हरकत नाही, पण ती बाहेर कुठेतरी पाचशेच्या स्टॅम्पवर लिहून अर्ज मागे घेऊ नका. हप्ते, तारखा आणि 'एक हप्ता चुकला तर संपूर्ण रक्कम एकदम देय' ही अट लिहून तडजोडपत्र आयोगापुढेच दाखल करा, आणि शेवटचा हप्ता खात्यात जमा होईपर्यंत अर्ज निकाली काढू देऊ नका.